‘परस्परक्रिया आढळली नाही’, तरी त्रास का?

प्रश्न: माझं वय 56. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन 9.6 आलं, तेव्हापासून लोहाची गोळी सुरू आहे. थायरॉइडची गोळी जुनीच. दोन्ही सकाळी रिकाम्या पोटी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. रक्तदाबाचीही गोळी आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे म्हणे. दोन महिन्यांपासून मूळव्याधीतून रक्त जातंय. डॉक्टरांनी लावायला मलम दिलं (त्यावर लिग्नोकेन आणि हायड्रोकॉर्टिसोन लिहिलंय), डायॉस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या दिल्या, गुदद्वारात ठेवायच्या सपोझिटरी दिल्या आणि पोटासाठी लॅक्ट्युलोजचं सिरप. झोपताना इसबगोल मी आधीपासून घेतेच. सिरपचा पहिल्या दिवशी काही गुण आला नाही म्हणून रोज थोडं वाढवत गेले, शिवाय नात्यातल्या एकींनी दिलेलं चूर्णही चालू केलं. एवढी औषधं एकत्र घेण्याची भीती वाटली, म्हणून मोबाइलवरच्या तपासणीत मलम आणि रेचकं यांची नावं टाकली. ‘परस्परक्रिया आढळली नाही’ असं आलं. पण आता दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतं, आग आधीपेक्षा वाढली आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मग चुकतंय कुठे? पाच आठवडे झाले, मलम बदलून बघू का?

उत्तर:

ताई, आधी आज काय करायचं ते सांगते, कारणं मागाहून. चूर्ण आजपासून बंद. लॅक्ट्युलोज मल पुन्हा बांधून येईपर्यंत थांबवा. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा, आणि आजच डॉक्टरांना फोन करून दोन वाक्यं सांगा: ‘मला दिवसाला पाच-सहा जुलाब होतायत आणि मी लघवी वाढवणारी गोळी घेते आहे. पोटऱ्यांत गोळे येतात.’ ती गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या, आपल्या मनाने सोडू नका. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) ही रक्ततपासणी उद्यापर्यंत टाळू नका. छातीत धडधड, चक्कर किंवा उभं राहवत नाही इतका अशक्तपणा आला, तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मोबाइलने खोटं सांगितलं नाही. बाहेरून लावायचं मलम आणि पोटात घ्यायचं रेचक यांच्यात रासायनिक भांडण सहसा होत नाही. मलमातलं औषध बहुतांशी जिथे लावलं तिथेच काम करतं, लॅक्ट्युलोज आणि इसबगोल आतड्यातच राहतात, त्यांची गाठ पडणार कुठे? पण ती तपासणी घटकांच्या जोड्या बघते. तुम्ही रोज डोस वाढवलात हे तिला माहीत नसतं. चूर्णाच्या डब्यात काय आहे ते कळत नाही, कोणतं औषध किती वाजता घेतलं हेही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, जी जोडी तुम्ही विचारलीच नाही तिच्याबद्दल ती बोलत नाही. तुमच्या पत्रात एक खरी, ठळक परस्परक्रिया आहे. ती मलमाची नाही आणि रेचकाचीही नाही. तिच्याकडे येतेच.

आधी जुलाबाचं. रेचकांची घड्याळं वेगवेगळी असतात. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि मल मऊ पण भरीव करतं, त्याला 12 तासांपासून 3 दिवसांपर्यंत लागतात. लॅक्ट्युलोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्याला आंबवतात, त्यातून पाणी आत ओढलं जातं, आणि पूर्ण परिणाम दिसायला 48 तासही लागू शकतात. म्हणून पहिल्या दिवशी काही झालं नाही याचा अर्थ औषध लागू पडलं नाही असा नसतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी वाढवलंत, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवलंत, आणि मग तिन्ही दिवसांचं एकदम अंगावर आलं. त्यात चूर्णाची भर. पोट साफ करणाऱ्या चूर्णांत फार वेळा सोनामुखी असते, आणि सोनामुखी हे काही सौम्य घरगुती प्रकरण नाही. ते आतड्याच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावणारं पक्कं उत्तेजक रेचक आहे, गोळीच्या रूपात मिळणारं सेना ते हेच. साधारण 8 ते 12 तासांत कळ देऊन पोट साफ करतं. डब्यावर घटक छापलेले असतील तर बघा. नसतील, तर ज्यात काय आहे हेच माहीत नाही ते औषध दुसऱ्या औषधांशी जुळतं की नाही, हे मीही सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टरही नाही आणि मोबाइल तर नाहीच.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण मूळव्याधीची माणसं इथेच सर्वांत जास्त चुकतात. खडा धरला की कुंथावं लागतं आणि मोड दुखावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पातळ शौचही मोडाला तितकंच बाधतं. दिवसातून सहा वेळा जाणं, सहा वेळा पुसणं-धुणं, सतत ओली राहणारी त्वचा, वर जुलाबाच्या पाण्याचा दाह, यातून आग वाढते, खाज सुटते, पुन्हा रक्त येतं. पोट ‘पूर्ण साफ’ करणं हे इथलं उद्दिष्टच नाही. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल मलतक्ता डॉक्टर वापरतात. त्यात मलाचे 7 प्रकार आहेत, पहिला सुट्या कठीण गोळ्यांचा आणि सातवा निव्वळ पाण्यासारखा. तुम्हाला हवा आहे चौथा: लांबट, गुळगुळीत, मऊ, पण आकार धरलेला. आत्ता तुम्ही सहाव्या-सातव्यावर आहात. डायॉस्मिनच्या गोळ्यांनीही काही जणांना मळमळ होते किंवा पातळ होतं, म्हणजे त्याच दिशेला आणखी एक हलका धक्का. या औषधांचं एकमेकांशी वैर नाही. सगळी एकाच बाजूला ओढतायत, एवढंच झालंय. तपासणीत हे बहुधा दिसत नाही.

मग ठेवायचं काय? माझं मत इसबगोलच्या बाजूने आहे. 2005 मध्ये कॉक्रेनच्या (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या) आढाव्यात मूळव्याधीवर तंतुमय पूरकं देऊन केलेल्या 7 चाचण्या, म्हणजे 378 रुग्ण, एकत्र तपासले गेले. तंतू घेणाऱ्यांत रक्त जात राहण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. चाचण्या छोट्या होत्या हे खरं, पण मूळव्याधीच्या साध्या उपायांत एवढा आधार फार थोड्यांना आहे. जुलाब थांबल्यावर दिवसाला एका चमच्याने सुरुवात करा, आठवडाभराने गरज वाटली तर दोन. दरवेळी पूर्ण ग्लासभर, म्हणजे 240 मिलीलीटरच्या आसपास पाणी हवंच, आणि उभं किंवा बसून प्या. पुरेशा पाण्याशिवाय गिळलेलं इसबगोल फुगून अन्ननलिकेत अडकू शकतं, आणि पाणी कमी पडलं तर आतड्यातही खडा होऊन बसतं. म्हणूनच अगदी झोपताना घेऊ नये. झोपायच्या दीड-दोन तास आधी घ्या. लॅक्ट्युलोज पुन्हा लागेल का, किती लागेल, हे डॉक्टर ठरवतील. लागलं तर एक डोस ठरवून निदान दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

आता मलम. तुमच्या मलमातलं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आहे. ते सूज आणि खाज उतरवतं, पण अशी मलमं साधारण 7 दिवसांपेक्षा जास्त लावायची नसतात. पाच आठवड्यांत तिथली नाजूक त्वचा पातळ होऊ शकते, बुरशीचा संसर्ग बसू शकतो. लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधांची त्वचेला ॲलर्जीही येते, आणि तिचं लक्षण काय, तर आग. म्हणजे आग होते म्हणून मलम लावायचं आणि मलमामुळेच आग वाढायची. तेव्हा ‘मलम बदलू का’ या प्रश्नाला माझं उत्तर: बदलू नका, थांबवा आणि डॉक्टरांना ती जागा पुन्हा दाखवा. दुसऱ्या एखाद्या मलमावर फेनिलएफ्रिन हे नाव दिसलं, तर ते तुमच्यासाठी नाही असं समजा. ते रक्तवाहिन्या आकसून सूज कमी करतं, आणि शरीरात शोषलं गेलं तर रक्तदाब वाढवू शकतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा थायरॉइडचा आजार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरायचं नसतं.

सपोझिटरी तुम्ही केव्हा ठेवता ते लिहिलेलं नाही. पण मूळव्याधीची सपोझिटरी सकाळी शौचाआधी ठेवणारी कितीतरी माणसं मला भेटली आहेत. ती विरघळायच्या आत बाहेर पडते, औषध गेलं वाया. शौच झाल्यावर, कोमट पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून कोरडं करून मगच मलम किंवा सपोझिटरी. रात्री झोपताना ठेवली तर सर्वांत उत्तम, ती आत टिकते. याचाच दुसरा प्रकार म्हणजे बिसाकोडिलची सपोझिटरी. ती शौच होण्यासाठी असते आणि 15 ते 60 मिनिटांत काम करते. दोन्ही सपोझिटरी लागोपाठ ठेवल्या तर बिसाकोडिलची मूळव्याधीच्या सपोझिटरीला घेऊनच बाहेर येणार. बिसाकोडिलच्या सपोझिटरीला पेट्रोलियम जेलीसारखं तेलकट काही लावलं तर तिचा परिणाम मंदावतो, ती पाण्याने ओली करून ठेवायची. आणि गुदद्वाराला भेग असेल तर ती सपोझिटरी नकोच, फार झोंबते. रेचक आणि मूळव्याधीचं औषध खरंच एकमेकांच्या आड येतात ते इथे, जागेवरून आणि वेळेवरून. घटकांची नावं ताडून पाहून हे कधी सापडणार नाही.

बिसाकोडिलची गोळी घेणाऱ्या वाचकांसाठी जाता जाता: तिच्यावर पोटात न विरघळणारं आवरण असतं. दूध किंवा आम्लनाशकाबरोबर घेतली तर ते आवरण जठरातच उघडतं आणि मुरडा येतो. एक तासाचं अंतर ठेवा, चावू नका, कुटू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मॅग्नेशियमची रेचकं स्वतःहून घेऊ नयेत, मॅग्नेशियम रक्तात साठतं. लिक्विड पॅराफिन असलेली मिश्रणं मी मूळव्याधीच्या माणसाला दीर्घकाळ सुचवणार नाही. ते तेल गुदद्वारातून पाझरत राहतं आणि खाज वाढवतं, शिवाय चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषू देत नाही. त्यात के जीवनसत्त्वही येतं, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांना हा फरक महागात पडू शकतो.

आता ती न विचारलेली जोडी. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी.

सोयीसाठी तुम्ही दोन्ही एकत्र घेता. पण लोह पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतं आणि ते पुरतं शोषलं जात नाही. दोहोंत निदान 4 तासांचं अंतर लागतं. चार महिने हे चाललं असेल, तर गोळी रोज पोटात जाऊनही तुमचा थायरॉइड कमी पडत असण्याची शक्यता आहे. आणि थायरॉइड कमी पडला की आतडं मंदावतं, म्हणजे बद्धकोष्ठ. लोह स्वतःही बद्धकोष्ठ करतं, ते वेगळंच. तुम्हाला कुंथावं लागायला लागलं ते लोह सुरू झाल्यानंतरच्या काळात का, हे आठवून बघा. तसं असेल, तर इतके दिवस ज्या बद्धकोष्ठाशी तुम्ही सिरप आणि चूर्ण घेऊन झगडताय, त्याची सुरुवात सकाळच्या त्या एकत्र घेतलेल्या दोन गोळ्यांमध्ये असू शकते. हा माझा अंदाज आहे. टीएसएच (थायरॉइड पुरेसा आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय तो खरा की खोटा हे कळणार नाही, म्हणून उद्याच्या रक्ततपासणीत टीएसएचही घालायला सांगा.

वेळा अशा लावता येतील, डॉक्टरांना विचारून: थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. लोह दुपारी. इसबगोल रात्री, कोणत्याही गोळीपासून निदान 2 तास दूर, कारण त्याच्या चिकट थरात लोहासकट इतर औषधंही अडकतात. रात्रीचं इसबगोल आणि सकाळचं थायरॉक्सिन यांत पुरेसं अंतर आहे, ती काळजी नको. अंतर पाळायला लागलात की थायरॉक्सिन आधीपेक्षा जास्त शोषलं जाईल, तेव्हा 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावं लागेल. आत्ता डोस वाढवला आणि अंतरही सुरू केलं, तर पुढे ते जास्त होऊन धडधड, घाम सुरू व्हायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल सुरुवातीला घाई केली ती याचसाठी. जुलाबातून पोटॅशियम जातं. लघवी वाढवणारी बरीच औषधंही ते बाहेर टाकतात, आणि सोनामुखी या जोडीला आणखी जोर देते. पोटॅशियम घटलं की स्नायू आखडतात, थकवा येतो, आणि फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर हा धोका कितीतरी लवकर गाठतो.

ताई, शेवटचं जे सांगायचंय ते मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते वाचताना तुमच्या मनात बाकी गोंधळ नको होता. तुमचं हिमोग्लोबिन कमी आलं चार महिन्यांपूर्वी आणि रक्त दिसलं दोन महिन्यांपूर्वी. म्हणजे रक्त दिसायच्या आधीपासूनच ते कमी होतं. मूळव्याधीने रक्त कमी होऊ शकतं, पण वयाच्या 56 व्या वर्षी रक्तक्षय आणि गुदद्वारातून रक्त या दोन गोष्टी एकत्र असताना ‘मूळव्याधच आहे’ असं धरून चालणं बरोबर नाही. मोठ्या आतड्यातला पॉलिप (आतल्या अस्तरावरची छोटी वाढ) किंवा कर्करोगही असाच दबक्या पावलांनी रक्त घालवतो, आणि लवकर सापडला तर त्यावर चांगले उपचार आहेत. तुमची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, झाली आहे का, हे पत्रात नाही. झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. मी तुम्हाला घाबरवत नाहीये. बहुतेकांच्या तपासणीत गंभीर काही निघत नाही. पण ती तपासणी होईपर्यंत एकही मलम आणि एकही रेचक मला पुरेसं वाटणार नाही. लोहामुळे मल काळसर दिसतो, ते साधं आहे. डांबरासारखा चिकट, उग्र वासाचा काळा मल, रक्ताच्या गाठी, न थांबणारं रक्त किंवा कारणाशिवाय घटणारं वजन यांतलं काहीही दिसलं, तर भेटीची वाट बघू नका.

हो, आणि पत्रात नाही म्हणून विचारते: तुम्ही ॲस्पिरिन, रक्त पातळ ठेवणारं दुसरं एखादं औषध, किंवा गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन घेता का? लोक ही औषधं ‘रोजची’ म्हणून सांगायची विसरतात. दुखण्याच्या गोळ्या रक्त जाणं वाढवतात, त्या आत्ता नकोत. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध मात्र बहुधा हृदयासाठी दिलेलं असतं. ते आपल्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही, पण डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. ट्रमाडोल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं उलट बद्धकोष्ठ करतात, तीही सांगा.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बनवा. त्यावर तोंडाने घ्यायचं, लावायचं आणि गुदद्वारात ठेवायचं असं प्रत्येक औषध लिहा, चूर्णासकट. प्रत्येकापुढे घटकाचं नाव, किती घेता, किती वाजता घेता आणि कधीपासून. पिशवीत चूर्णाचा डबाही न्या, संकोच करू नका. त्यांना दिलेल्या औषधांची माहिती असते, घरी सुरू केलेल्यांची नसते. आणि कागदाच्या तळाशी हे लिहून ठेवा, म्हणजे बोलायच्या ओघात राहून जाणार नाही: पोटॅशियम, टीएसएच, कोलोनोस्कोपी.

टीएसएचचा आकडा आला की मला कळवाल का? त्या दोन गोळ्यांचा अंदाज बरोबर होता का, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.